काळ्या रेषेमागचा उजेड : जॉर्ज रुओची चित्रसृष्टी

येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर नाही असे काथलिक घर आपल्याकडे विरळाच. गोरी कांती, खांद्यावर रुळणारे रेशमी केस, किंचित कललेली मान, ओठांवर मंद स्मित आणि छातीवर ज्वाळांनी वेढलेले हृदय ही प्रतिमा लहानपणापासून आपल्या डोळ्यांत बसलेली आहे. तिच्यापुढे तिन्हीसांजेला जपमाळ झाली, परीक्षेला निघालेल्या मुलांनी तिला हात जोडले, अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी रात्र रात्र तिच्याकडे डोळे लावले. जिच्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना झाली, त्या तसबिरीची टर उडविण्याचा अधिकार कोणाही कलासमीक्षकाला नाही.

तरीही एक प्रश्न विचारायला हवा. यशया संदेष्ट्याने ज्या दुःखी सेवकाचे वर्णन केले, ज्याला रूप नव्हते, पाहणाऱ्याला ओढ लागावी असे सौंदर्य नव्हते, ज्याच्यासमोर लोक तोंड फिरवीत, तो सेवक या तसबिरीत कोठे आहे? दरवर्षी गुड फ्रायडेच्या उपासनेत आपण हा उतारा ऐकतो आणि घरी परतून पुन्हा त्या गोड चेहऱ्याकडे पाहतो. कानांनी ऐकलेला ख्रिस्त आणि डोळ्यांनी पाहिलेला ख्रिस्त यांची आपल्या मनात कधी गाठच पडत नाही.

ही गाठ घालून देणारा एक चित्रकार विसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव जॉर्ज रुओ (१८७१–१९५८). तो फ्रेंच होता, श्रद्धावान काथलिक होता, आणि त्याची चित्रे पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा दचकतो. जाड काळ्या रेषा, ओबडधोबड चेहरे, सुजल्यासारखी शरीरे. ‘हे कसले पवित्र चित्र?’ असा प्रश्न त्याच्या हयातीत त्याच्याच धर्मबंधूंनी विचारला. त्या प्रश्नाला त्याने वाद घालून उत्तर दिले नाही. रंगाने आणि प्रकाशाने दिले. ते उत्तर नीट वाचता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काचेच्या कारखान्यातील मुलगा

रुओचा जन्म २७ मे १८७१ रोजी पॅरिसच्या बेलव्हील या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला, तोही एका तळघरात. पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडण्यासाठी त्या आठवड्यात सरकारी फौजा शहरावर तोफा डागीत होत्या आणि त्याच्या आईने तळघराचा आसरा घेतला होता. वडील लाकूडकाम करणारे कारागीर होते. घरात पैसा नव्हता, परंतु हाताच्या कामाविषयी आदर होता. आजोबांना चित्रांच्या छापील प्रतींचा नाद होता आणि दोमिएसारख्या चित्रकाराची ओळख नातवाला त्यांच्याकडूनच झाली.

चौदाव्या वर्षी, १८८५ मध्ये, हा मुलगा रंगीत काचचित्रांच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. मध्ययुगीन चर्चच्या जुन्या खिडक्या तेथे दुरुस्तीला येत. ही खिडकी कशी घडते ते लक्षात घेतले पाहिजे, कारण रुओच्या पुढील साऱ्या कलेचे बीज त्यात आहे. वेगवेगळ्या रंगांच्या काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडले जातात. कारखान्याच्या मेजावर पडलेली ती काच मंद, जवळजवळ काळसर दिसते. तीच खिडकी भिंतीत बसविली आणि तिच्या पाठीमागे सूर्य आला, की लाल रंग निखाऱ्यासारखा पेटतो, निळा रंग खोल होतो, आणि शिशाच्या काळ्या पट्ट्या त्या रंगांना धरून ठेवतात. पट्टी नसेल तर काच गळून पडेल. शिवाय दोन रंगांमध्ये काळी रेघ असल्यामुळे एकाची झळाळी दुसऱ्यात मिसळत नाही व दोन्ही रंग अधिक तेजस्वी भासतात. मुंबईच्या आणि वसईच्या काही जुन्या चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला हा अनुभव आपणही घेतला असेल.

पाच वर्षांची ही उमेदवारी संपवून रुओ पॅरिसच्या कलाशाळेत दाखल झाला. तेथे गुस्ताव्ह मोरो हा थोर शिक्षक त्याला लाभला. मातीस हा त्याचा सहाध्यायी. ‘शास्त्री-पंडितांमध्ये बाल येशू’ या चित्राला १८९४ मध्ये पारितोषिक मिळाले. त्यावर रेम्ब्रांची छाया स्पष्ट आहे. याच वाटेने तो गेला असता तर एक सन्मान्य, यशस्वी आणि आज बहुधा विस्मृत असा धार्मिक चित्रकार झाला असता. १८९८ मध्ये मोरो वारला आणि शिष्य पोरका झाला. पुढची चार-पाच वर्षे एकटेपणाची, आजाराची आणि अंतर्मुख होण्याची होती. १९०१ मध्ये तो लिग्युजे येथील मठाजवळ लेखक युइस्मांस याच्या सोबत काही काळ राहिला. श्रद्धावान कलावंतांचा एक लहानसा समुदाय तेथे उभा राहायचा होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये धर्मसंघांवर निर्बंध घालणारा कायदा आला, मठवासीयांना देश सोडावा लागला आणि तो बेत मोडला. १९०३ मध्ये मोरोच्या घराचे संग्रहालय झाले, तेव्हा त्याची देखभाल रुओकडे आली. या काळातून तो बाहेर आला तेव्हा त्याचा कुंचला पार बदललेला होता.

संतापाचा रंग

१९०३ ते १९१४ या काळातील त्याची चित्रे बहुतेक कागदावर, जलरंगात आणि खडूत केलेली आहेत. त्यांत निळ्या रंगाचे राज्य आहे. हा निळा पवित्र मरियेच्या अंगरख्याचा शांत निळा मात्र नाही. रात्रीचा, थंडीचा, मार बसून काळानिळा पडलेल्या कातडीचा तो रंग आहे. विषय तीन : वेश्या, सर्कशीतील विदूषक आणि न्यायाधीश.

‘आरशापुढील मुलगी’ (१९०६) हे चित्र पाहावे. पाश्चात्त्य चित्रकलेत आरशापुढील स्त्री हा लावण्याचा विषय. रुओने तेथे एक थकलेला, ओघळलेला देह मांडला आहे. रेषा आसुडासारखी फिरते. या चित्रात पाहणाऱ्याच्या वासनेला जागा नाही, आणि करमणुकीलाही नाही. आपण पाहतो आणि लाजतो. ती विवस्त्र आहे म्हणून ही लाज वाटत नाही. तिला या अवस्थेला आणणाऱ्या जगात आपणही राहतो म्हणून ती वाटते.

विदूषकांविषयी त्याने एका पत्रात हकीकत लिहून ठेवली आहे. रस्त्याच्या कडेला थांबलेल्या सर्कशीच्या गाडीशेजारी एक म्हातारा विदूषक आपला चमकदार, रंगीबेरंगी पोशाख दुरुस्त करीत बसलेला त्याने पाहिला. झगमगता वेष आणि त्याच्या आतले अपार दुःखी आयुष्य यांतील अंतर पाहून त्याला जाणवले, की हा विदूषक म्हणजे मीच आहे, आपण सारेच आहोत. प्रत्येकाच्या अंगावर असा एखादा चमकीचा पोशाख असतो. त्याच्या आतला माणूस पाहायचा, मग तो राजा असो वा सम्राट, हे रुओने आपले काम मानले.

न्यायाधीशांची चित्रे सर्वांत कठोर आहेत. एका स्नेह्याच्या ओळखीने तो पॅरिसच्या न्यायालयात जाऊन बसे. लाल झगे, काळ्या टोप्या आणि त्यांखाली मांसाचे गोळे वाटावेत असे चेहरे. आरोपी आणि न्यायाधीश एकमेकांसारखेच दिसू लागतात. लोकांना वाटले, हा न्यायसंस्थेची विटंबना करतो आहे. त्याचे म्हणणे वेगळे होते : एक माणूस दुसऱ्या माणसाचा न्याय करतो हे पाहताना मला जी यातना होते तीच या चेहऱ्यांत उतरते, आणि जगातली सारी संपत्ती देऊ केली तरी मी ते आसन घेणार नाही.

धर्मगुरूला ही चित्रे विशेष अस्वस्थ करतात. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू हा न्यायाधीशही आहे आणि वैद्यही आहे, याचे स्मरण ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्याने (कलम ९७८) त्याला करून दिले आहे. ही दोन्ही कामे एकाच खुर्चीत बसून करायची असतात. रुओचे न्यायाधीश पाहिले की कळते, वैद्य उठून गेला आणि नुसता न्यायाधीश मागे उरला तर चेहऱ्याचे काय होते. आईवडील, शिक्षक, सासूसासरे, गावचे पुढारी अशा आपल्यापैकी प्रत्येकाला कोणा ना कोणाचा न्याय करण्याचा प्रसंग रोज येतो. त्यांनीही या चेहऱ्यांपुढे क्षणभर थांबावे.

या चित्रांवर सर्वांत जिव्हारी लागणारा घाव मात्र एका मित्राने घातला. लेआँ ब्ल्वा हा जहाल काथलिक कादंबरीकार. त्याच्या लेखनाने रुओ भारावलेला होता; त्याच्या कादंबरीतील एका जोडप्याचे चित्रही त्याने काढले होते. ते पाहून ब्ल्वा संतापला. तुला केवळ कुरूपतेची ओढ आहे, तू खरा प्रार्थनाशील असतास तर अशी भयंकर चित्रे तुझ्या हातून उतरलीच नसती, अशा आशयाचे पत्र त्याने १९०७ मध्ये लिहिले. रुओने मैत्री तोडली नाही. १९१७ साली ब्ल्वा वारला तोपर्यंत ती टिकली. चित्रेही बदलली नाहीत.

ब्ल्वाचा आक्षेप आजही आपल्या ओठांवर येतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. भक्तिमान माणसाने कुरूप का रंगवावे? याचे उत्तर सेमिनरीत आम्हांला शिकविल्या गेलेल्या संत थॉमस अक्वायनस यांच्याकडेच आहे. सौंदर्याची त्यांनी तीन लक्षणे सांगितली : समग्रता, सुसंवादी प्रमाण आणि तेज. त्याच ठिकाणी ते असेही म्हणतात, की एखादी वस्तू कुरूप असली तरी तिचे यथार्थ दर्शन घडविणाऱ्या प्रतिमेला आपण सुंदर म्हणतो. रुओचा मित्र झाक मारितँ याने १९२० मध्ये कलेविषयी जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात अक्वायनसचा हाच धागा आहे आणि रुओशी झालेल्या संभाषणांचे ऋणही आहे. रुओच्या या काळातील चित्रांत पापाचे यथार्थ दर्शन आहे. परंतु अक्वायनसचे तिसरे लक्षण, तेज, अद्याप पुरते आलेले नाही. संताप खरा आहे, करुणाही आहे, पण चित्रात अजून रात्र आहे.

पाठीमागून येणारा प्रकाश

१९१७ पासून आंब्र्वाज व्होलार या चित्रव्यापाऱ्याशी झालेल्या कराराखाली रुओ काम करू लागला. जलरंगाची जागा आता तैलरंगाने घेतली. तो रंगांचे थरावर थर चढवी, खरवडून काढी, पुन्हा चढवी. पुढे पुढे चित्र मेजावर आडवे ठेवून तो काम करी, जणू अजून काचेच्या कारखान्यातच आहे. एकेक चित्र वर्षानुवर्षे चाले. ‘वृद्ध राजा’ हे त्याचे ख्यातनाम चित्र १९१६ मध्ये सुरू झाले आणि १९३७ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे एकवीस वर्षे!

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे असलेल्या या चित्रात एका राजाची बाजूने दिसणारी आकृती आहे. डोक्यावर मुकुट, काळी दाढी, गडद लाल वस्त्र. हातात राजदंड असावा अशी आपली अपेक्षा. तेथे आहेत लहानशी पांढरी फुले. राजा कोठला, कोणत्या काळातला, हे चित्र सांगत नाही. तो दावीद असेल, किंवा सत्तेच्या अखेरीस एकटा उरलेला कोणीही असेल. काळ्या रेषा त्याच्या चेहऱ्याला खिडकीच्या शिशासारख्या बांधून आहेत आणि त्या रेषांच्या मधून लाल, हिरवा, पिवळा रंग आतून पेटल्यासारखा दिसतो.

रुओचे वेगळेपण येथे नेमके हाती लागते. काराव्हाज्जोच्या ‘मत्तयाला पाचारण’ या रोममधील चित्रात प्रकाश ख्रिस्ताच्या बाजूने येतो आणि जकात मोजणाऱ्यांच्या टेबलावर पडतो. तेथे प्रकाश ही एक घटना आहे. तो बाहेरून येऊन माणसाला गाठतो. रेम्ब्रांमध्ये तो अंधारातून हळूहळू चेहऱ्यावर साकळतो. रुओच्या प्रौढ चित्रांत प्रकाशाचा उगम शोधू गेल्यास सापडत नाही. दिवा नाही, खिडकी नाही, आकाशातला सूर्य असला तरी त्याची सावली पडत नाही. आकृतीच खिडकी झालेली आहे आणि उजेड तिच्या पाठीमागून, तिच्यातून येतो. काराव्हाज्जोचा मत्तय प्रकाशात सापडतो. रुओचा विदूषक प्रकाश अडवीत नाही, एवढेच त्याचे पुण्य.

आणि म्हणूनच १९०६ मधील तेच चेहरे १९३० नंतर पुन्हा आले तरी त्यांचा अर्थ पालटला. ‘जखमी विदूषक’ (१९३२) या चित्रात घायाळ सोबत्याला दोन विदूषक आधार देऊन नेत आहेत. क्रुसावरून उतरविलेल्या प्रभूचे चित्र ज्याने पाहिले असेल त्याला ही रचना ओळखीची वाटेल. त्याच वर्षीच्या ‘सैनिकांनी थट्टा केलेला ख्रिस्त’ या चित्रात ख्रिस्त मस्तक झुकवून बसला आहे आणि दोन्ही बाजूंना दांडगे सैनिक आहेत. त्यांचे चेहरे जवळजवळ सर्कशीतल्या सोंगाड्यांचे आहेत. विदूषकाच्या चित्रात ख्रिस्त लपलेला आणि ख्रिस्ताच्या चित्रात सर्कस. भुकेला, उघडा, तुरुंगातला यांच्यासाठी जे केले ते माझ्यासाठी केले, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील प्रभूचे वचन रंगात आणायचे तर याहून थेट कसे आणणार?

‘उपनगरातील ख्रिस्त’ हे १९२० ते १९२४ या काळातील चित्र माझ्या मते त्याचे सर्वांत जिव्हाळ्याचे चित्र आहे. पॅरिसच्या कडेची कारखान्यांची वस्ती, ओसाड रस्ता, निर्विकार घरे, वर चंद्र. रस्त्यावर तीन लहान आकृती : ख्रिस्त आणि दोन मुले. चमत्कार नाही, उपदेश नाही, प्रभामंडळाचा थाट नाही. ख्रिस्त तेथे आहे, एवढेच. पहाटेची पाळी करून परतणाऱ्या कामगाराला, लोकलच्या शेवटच्या गाडीने घरी पोहोचणाऱ्याला हा रस्ता परका वाटणार नाही.

रंगाविना प्रकाश

रुओच्या रंगाचे एवढे वर्णन केल्यावर हे सांगणे विचित्र वाटेल, परंतु त्याचे सर्वांत मोठे काम बिनरंगी आहे. ‘मिझेरेरे’ ही तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेल्या ५८ कृष्णधवल चित्रांची माला आहे. ‘हे देवा, माझ्यावर दया कर’ या दाविदाच्या पश्चात्ताप-स्तोत्राच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून तिला नाव मिळाले. १९१२ मध्ये वडील वारले, दोन वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले. त्या शोकातून तिचा आराखडा निघाला. पत्र्यांचे काम १९२७ पर्यंत चालले. मूळ रेखाटनांची छायाप्रतिमा पत्र्यावर उतरवून घेऊन रुओने मग कानस, कुंचला, आम्ल, मिळेल त्या साधनाने ती पुन्हा पुन्हा घडविली. व्होलारची दिरंगाई, १९३९ मध्ये त्याचा अपघाती मृत्यू आणि दुसरे महायुद्ध यांमुळे ही माला प्रसिद्ध व्हायला १९४८ साल उजाडले.

येथे काळा रंग मखमलीसारखा दाट आहे आणि पांढरा म्हणजे कोरा कागद नाही. घासून घासून मिळविलेला उजेड आहे. थट्टा सोसणारा ख्रिस्त, बेघर कुटुंब, तोंड रंगविलेला विदूषक, पोकळ शब्दांत बचाव करणारा वकील, मुलाला युद्धावर पाठविणारी आई, मृत्यूचा सांगाडा, वेरोनिकेच्या वस्त्रावरील पवित्र मुखवटा, अशी ही मिरवणूक चालते. ती क्रुसाच्या वाटेसारखी आहे. फरक इतकाच, की तिच्या स्थानांवर ख्रिस्त आणि माणूस आळीपाळीने उभे राहतात. विदूषकाच्या चित्राखालील शीर्षक विचारते की मुखवटा कोण चढवीत नाही, आणि शेवटचे, अठ्ठावन्नावे चित्र यशयाच्या त्या उताऱ्याकडेच परतते : त्याला झालेल्या जखमांनी आम्हांला आरोग्य मिळाले आहे.

मराठी वाचकाला सेहेचाळिसाव्या चित्राशी थबकावे लागेल. सज्जन माणूस चंदनासारखा असतो, ज्या कुऱ्हाडीने त्याला तोडले तिलाच तो सुगंध देतो, असे त्याचे शीर्षक आहे. आपल्या सुभाषितांतला हा जुना दृष्टांत पॅरिसमधील या काथलिक चित्रकाराला ख्रिस्ताच्या वेदनेजवळचा वाटला. आपल्या मातीतली उपमा क्रुसाखाली ठेवायला आपण कधी कधी बिचकतो. रुओ बिचकला नाही.

उशिरा उघडलेले दार

आयुष्यभर ख्रिस्ताचे मुख रंगविणाऱ्या या माणसाला ख्रिस्तमंदिरात जागा मिळाली ती सत्तरी ओलांडल्यावर. आल्प्स पर्वतातील आसी पठारावर (संत फ्रान्सिस यांचे असिसी वेगळे) क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांच्या परिसरात एक चर्च बांधले गेले. डॉमिनिकन धर्मगुरू कुतुरिए यांच्या प्रेरणेने तेथे आधुनिक कलावंतांना बोलावण्यात आले. रुओच्या चित्रांवरून तेथील काही खिडक्या घडल्या. काचेच्या कारखान्यातून निघालेला मुलगा साठ वर्षांनी काचेतच परतला. १९५० मध्ये या चर्चचे अभिषेचन झाले. त्यावर टीकाही झडली. तेथील दुसऱ्या एका कलावंताने घडविलेला क्रूस १९५१ मध्ये वेदीवरून हलवावाही लागला. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी रुओला संत ग्रेगरीच्या नावाचा सन्मान दिला. १३ फेब्रुवारी १९५८ रोजी तो वारला, तेव्हा फ्रान्सने त्याला शासकीय इतमामाने निरोप दिला. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल यांनी व्हॅटिकन संग्रहालयात आधुनिक धार्मिक कलेचे दालन उघडले. त्यात रुओ आहे.

त्याच्या चारित्र्याची एक घटना येथे सांगितली पाहिजे. व्होलारच्या मृत्यूनंतर शेकडो अपुरी चित्रे त्याच्या वारसांच्या ताब्यात गेली. रुओने खटला भरला. चित्र पूर्ण करून स्वाधीन करीपर्यंत ते कलावंताचेच असते, हे त्याचे म्हणणे न्यायालयाने १९४७ मध्ये मान्य केले. परत मिळालेल्या चित्रांपैकी ३१५ चित्रे पुरी करण्याइतके आयुष्य आपल्यापाशी उरलेले नाही असे मानून त्याने ५ नोव्हेंबर १९४८ रोजी साक्षीदारांसमक्ष ती भट्टीत जाळून टाकली. बाजारात त्या प्रत्येकाला किंमत आली असती. सत्तेचाळीस वर्षांनी लहान असलेल्याला हा निर्णय घेणे एक वेळ सोपे. सत्त्याहत्तराव्या वर्षी तो घेतला याचे मोल अधिक.

उणे आणि अधिक

रुओवर प्रेम करूनही त्याच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. त्याने तेच विषय इतक्या वेळा हाताळले, की काही उत्तरकालीन चित्रांत काळी रेष सवयीची झालेली दिसते. पूर्वी ती चेहरा शोधीत होती, आता ती चेहरा भरून काढते. पिवळ्या-हिरव्या रंगांत न्हालेली त्याची अखेरची बायबलकालीन निसर्गदृश्ये शांत आहेत, परंतु ती सारी मनात वेगळी राहत नाहीत. दुसरा आक्षेप गंभीर आहे. त्याच्या आरंभीच्या चित्रांतील वेश्या ही नेहमी पतित जगाची खूण आहे. तिला स्वतःचे नाव, स्वतःचा स्वभाव क्वचितच मिळतो. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू बोलला आणि तिने त्याला उत्तर दिले. रुओच्या स्त्रिया उत्तर देत नाहीत. त्याचे विदूषक मात्र बोलतात, कारण त्यांच्यात त्याने स्वतःला पाहिले होते.

काळ्या रेषेचा हा वारसा आपल्याकडेही दिसतो. गोव्यातील साळगाव येथे काथलिक घरात १९२४ मध्ये जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा हा मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा (१९४७) एक संस्थापक. त्याच्या ख्रिस्ताच्या चित्रांची रुओशी तुलना समीक्षकांनी वारंवार केली आहे. लंडनच्या टेट संग्रहालयात असलेले त्याचे ‘क्रुसारोहण’ (१९५९) पाहिले की साम्य पटते आणि भेदही कळतो. सूझाचीही रेष जाड व काळी आहे, गोड ख्रिस्त त्यालाही नको आहे. परंतु त्याची रेष काटेरी तारेसारखी आहे. तिच्या पाठीमागे खिडकी उघडत नाही. तो संतापाशी प्रामाणिक राहिला आणि त्याचे मोल कमी नाही. रुओही संतापाशीच सुरू झाला होता. पुढची वीस-पंचवीस वर्षे तो त्याच चेहऱ्यांपुढे बसून राहिला आणि थरावर थर चढवीत गेला, तेव्हा कोठे त्या चेहऱ्यांतून उजेड येऊ लागला. दया ही त्याच्याकडे तयार भावना म्हणून आली नाही. ती कामातून मिळाली.

कलेने भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याचा ध्यास घ्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सांगितले. आपल्या नव्या चर्चमधील चकचकीत फरशा, विजेची रोषणाई आणि गुलाबी रंगाचे पुतळे पाहताना हे वाक्य किती जणांना आठवते? सुंदर म्हणजे गोंडस, असे समीकरण आपण मुलांच्याही मनात रुजवितो. मग एखाद्या दिवशी त्यांच्या वाट्याला खरे दुःख येते, रुग्णालयातला विद्रूप झालेला आपला माणूस येतो, आणि त्यांच्या मनातल्या ख्रिस्ताच्या चेहऱ्याशी त्या चेहऱ्याचे काही नाते लागत नाही.

घरातली पवित्र हृदयाची तसबीर कोणी उतरवू नये. येत्या प्रायश्चित्तकाळात तिच्या शेजारी रुओचे एक चित्र मात्र ठेवून पाहावे. त्याच्या तैलचित्रांचा दाट थर छापील प्रतीत हरवतो, पण ‘मिझेरेरे’ मुळातच छापण्यासाठी घडविलेली असल्यामुळे तिची साधी प्रतही पुष्कळ काही राखते. धर्मशिक्षणाच्या वर्गात, क्रुसाच्या वाटेच्या भक्तीपूर्वी, एखाद्या शुक्रवारी तिच्यातले एकच चित्र मुलांपुढे धरावे आणि काही न सांगता पाच मिनिटे पाहू द्यावे. पहिल्या मिनिटाला कोणी हसेल, कोणी तोंड वाकडे करील. त्यांना रागावू नये. शेवटच्या मिनिटाला, हा चेहरा कोणासारखा दिसतो, एवढाच प्रश्न विचारावा आणि मुले ज्यांची नावे घेतील त्यांच्यासाठी त्या संध्याकाळी प्रार्थना करावी.